वाटा माणसाला द्या, प्रोसेसला नको: सामाईक बिल्ड सर्व्हरचं भांडण

प्रश्न थोडक्यात असा. बाणेरला चौदा जणांची सी++ टीम आहे आणि सगळ्यांत मिळून एकच बिल्ड सर्व्हर: ३२ कोअर, म्हणजे एका कोअरचे दोन धरून सिस्टमला दिसणारे ६४ सीपीयू, १२८ जीबी मेमरी, उबंटू २२.०४. कुणी ६४ जॉब (एकाच वेळी चालणारी कंपाइलची कामं) लावून पूर्ण बिल्ड (सगळ्या कोडचं कंपाइल आणि जोडणी) सुरू केला की बाकीच्यांचा एडिटर अडखळतो, फाइल सेव्ह व्हायला अर्धा-अर्धा मिनिट लागतं, कधी एसएसएचसुद्धा (दुरून केलेलं लॉगिन) लागत नाही. 'नाइस लावून बिल्ड करा', म्हणजे आपल्या कामाचा अग्रक्रम स्वतःहून कमी करा, असं सगळ्यांना सांगून झालं, फरक पडला नाही. आता प्रत्येकाला चार-चार कोअर कायमचे वाटून द्यावेत असा टीममध्ये प्रस्ताव आहे. तसं करावं का?

माझं उत्तर: कोअर वाटून देऊ नका. वाटणी करायची, पण वेगळ्या पद्धतीने. मी पुण्यातल्या कंपन्यांमध्ये बरीच वर्षं असेच सर्व्हर सांभाळतो आहे आणि चार-चार कोअरची वाटणी एकदा स्वतः करूनही पाहिली आहे. त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितो. काही गोष्टी तुमच्या मशीनवर कशा आहेत यावर अवलंबून आहेत, त्या त्या ठिकाणी सांगेन.

आधी घोळ नेमका कुठे आहे ते पाहू. लिनक्सचा शेड्यूलर (कुठल्या कामाला सीपीयू कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) न्यायाने वागतो असं आपण ऐकलेलं असतं. २००७ साली कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) २.६.२३ आवृत्तीत इंगो मोल्नार यांचा सीएफएस (कम्प्लीटली फेअर शेड्यूलर) आला, त्याच्या नावातच 'फेअर' आहे. २०२३ मध्ये ६.६ पासून ईईव्हीडीएफ या नव्या शेड्यूलरने त्याची जागा घेतली. तुमच्या उबंटूवर बहुधा अजून सीएफएसच असेल. पण दोन्हींचा न्याय मुळात धावणाऱ्या थ्रेडांमधला (प्रोग्रामच्या धाग्यांमधला) आहे. कर्नलला थ्रेड दिसतात, त्यांच्यामागची माणसं आपण सांगितल्याशिवाय तो मोजत नाही. समजा तिघांनी प्रत्येकी ६४ जॉब लावले आणि तुम्ही शेजारधर्म पाळून ८ लावले. एकूण २०० जॉब, ६४ सीपीयू. तुमच्या वाट्याला साधारण अडीच सीपीयू येतात आणि त्या तिघांना प्रत्येकी वीस. कर्नलच्या हिशेबाने यात काहीच चुकलेलं नाही. माणसांच्या हिशेबाने मात्र ज्याने समजूतदारपणा दाखवला त्यालाच फटका बसला. हे एकदा लक्षात आलं की आठवड्याभरात सगळेच ६४ लावायला लागतात, मग कुणीतरी १२८ लावून बघतो. तुमच्याकडे बहुतेक हेच झालं असणार. यात कुणाचा स्वभाव वाईट नाही, मोजमापाचं एककच चुकलेलं आहे.

माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं. त्यामुळे मला हे समजावून सांगायला पाणी पंचायतीचं उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला जे काम उभं केलं, त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर ठरत नव्हता, घरातल्या माणसांवर ठरत होता. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीनच नाही त्यालाही वाटा. आणि ऊस घ्यायचा नाही. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा नेहमीचा हिशेब तिथे बाजूला ठेवला गेला. आपल्या सर्व्हरवर जॉबची संख्या म्हणजे जमीन आहे. ज्याने जास्त पेरलं त्याला जास्त मिळतंय. आपल्याला माणशी वाटणीवर यायचं आहे.

फक्त एक फरक नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाणी न वापरता ठेवलं तर तळ्यात राहतं. सीपीयूचा वेळ साठत नाही. या मिनिटाला मोकळा गेलेला सीपीयू उद्याला शिल्लक राहत नाही, तो वाया गेला. म्हणून सीपीयूला ठरावीक हद्द घालण्यात तोटा आहे. तिथे वजन लावायचं: गर्दी असेल तेव्हा समान वाटा, गर्दी नसेल तेव्हा जो हजर आहे त्याला सगळं. मेमरीचं मात्र उलट आहे. एकाने धरून ठेवलेली मेमरी त्याने सोडेपर्यंत दुसऱ्याला मिळत नाही. तिथे हद्दच घालावी लागते.

चार कोअर वाटण्याची कल्पना नेमकी इथे फसते. एका वेळी चौदापैकी दोघं-तिघंच पूर्ण बिल्ड करत असतात. बाकीचे कोड वाचतात, मीटिंगमध्ये असतात, जेवायला गेलेले असतात. तेव्हा दोघांना आठ कोअर आणि उरलेले चोवीस रिकामे. शिवाय बत्तीस कोअर चौदा जणांत चार-चार पुरतही नाहीत. कोअरऐवजी सीपीयू मोजले तरच लागणारे छप्पन्न निघतात, आणि एका कोअरचे दोन सीपीयू मिळून दोन कोअरचं काम करत नाहीत.

हीच वाटणी सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) सीपीयूकोटाने केली तर आणखी एक गोष्ट होते, जी मी प्रत्यक्ष पाहिली आहे. कोट्याचा हिशेब सहसा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत होतो. चार सीपीयूचा कोटा म्हणजे दर खिडकीला ४०० मिलिसेकंद. पण मशीनवर किती सीपीयू आहेत हे बिल्ड टूल विचारतं तेव्हा त्याला सहसा अजून ६४ च दिसतात, म्हणून ते ६४ जॉब सोडतं. ६४ जॉब एकदम धावले की तो ४०० मिलिसेकंदांचा कोटा सव्वासहा मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले जवळजवळ ९४ मिलिसेकंद सगळे जॉब गोठून बसतात. पुढच्या खिडकीत पुन्हा तेच. वर ६४ कंपायलर मेमरीत उघडे पडलेले. मी कोटा लावला होता तेव्हा मुलं सांगायची की टर्मिनल 'उचक्या देतंय'. शब्द अगदी बरोबर होता. आठवड्याभरात मी तो काढला.

मग नाइस का चाललं नाही? इथे तुमच्या मशीनवर अवलंबून आहे. २०११ मध्ये २.६.३८ या कर्नलात ऑटोग्रुप नावाची सोय आली. ती चालू असेल आणि सीपीयूचे सीग्रुप (प्रोसेसचे गट करून गटागटात वाटणी करणारी कर्नलची सोय) वापरात नसतील, तर कर्नल प्रत्येक टर्मिनल सेशनचा एक गट करतो आणि वाटणी गटांमध्ये होते. मग नाइसचा परिणाम फक्त त्या सेशनच्या आतल्या प्रोसेसमध्ये उरतो. तुम्ही बिल्डला १९ नाइस दिलं तरी तुमच्या सेशनचा शेजाऱ्याच्या सेशनसमोरचा वाटा तेवढाच राहतो. आणि ज्याने टीमक्समध्ये (एका टर्मिनलचे अनेक भाग करणाऱ्या प्रोग्राममध्ये) सहा पेन उघडून सहा बिल्ड लावले त्याचे सहा गट झाले. प्रॉक मध्ये सिस, त्यात कर्नल, तिथे 'शेड ऑटोग्रुप एनेबल्ड' (sched_autogroup_enabled) ही फाइल आहे. तिच्यात १ असेल तर ही सोय चालू आहे. सोय बंद असेल आणि सीपीयूचे सीग्रुपही वापरात नसतील तर नाइस वेगवेगळ्या माणसांमध्येही काम करतं, आणि जोरात करतं: शून्य नाइसचं वजन १०२४, एकोणीसचं १५. तसं असूनही फरक पडला नसेल तर तुमची अडचण सीपीयूची नाहीच, मेमरीची आहे. अर्ध्या मिनिटाच्या सेव्हवरून मला हीच शंका जास्त येते. त्याकडे येतोच.

सीपीयूचं काम तसं सोपं आहे. सिस्टमडी प्रत्येक लॉगिन केलेल्या माणसासाठी आपोआप एक स्लाइस (त्याच्या प्रोसेसचा गट) बनवतं, त्याच्या युजर आयडीच्या नावाने, आणि या सगळ्या युजर स्लाइसच्या पोटात असतात. म्हणजे माणशी गट आधीच तयार आहेत, फक्त त्यांना सीपीयूची वाटणी लावलेली नाही. इटीसीतल्या सिस्टमडीच्या सिस्टम फोल्डरात 'युजर-.स्लाइस.डी' नावाचं फोल्डर करा (युजरनंतरची आडवी रेघ विसरू नका, सगळ्या युजरना लागू होण्याची खूण तीच आहे). त्यात एक कॉन्फ फाइल, तिच्यात स्लाइसचं शीर्षक आणि खाली सीपीयूवेट बरोबर १००. मग डीमन-रीलोड, म्हणजे सिस्टमडीला फाइली पुन्हा वाचायला लावणं. सगळ्यांना १०० दिल्यामुळे काय बदललं असं वाटेल. आकड्याला तसं महत्त्व नाही. ती ओळ लिहिल्यामुळे सीपीयूचा कंट्रोलर युजरच्या पातळीवर चालू होतो, आणि त्या क्षणापासून वाटणी माणसांमध्ये होते.

वरचंच उदाहरण पुन्हा घ्या. तिघांचे ६४-६४, तुमचे ८. आता चौघांना माणशी सोळा सीपीयूंचा हक्क. तुम्हाला आठच हवेत, ते आठही पूर्ण मिळतील. उरलेले छप्पन्न ते तिघं वाटून घेतील. आणि रात्री नऊला तुम्ही एकटेच असाल तर सगळे चौसष्ट तुमचे. कुणी १२८ जॉब लावले तरी त्याचा वाटा वाढत नाही, त्यामुळे लावण्याचं कारणच उरत नाही. टीमला नियम पाठवण्यापेक्षा हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

रिलीजच्या दिवशी एखाद्याला जास्त द्यावं लागतं. सिस्टमसीटीएलच्या सेट-प्रॉपर्टीने त्याच्या स्लाइसला ३०० वजन द्या, रनटाइमचा पर्याय लावून, म्हणजे मशीन रीबूट झालं की ते आपोआप जातं. पण हे कुणाच्या सांगण्यावरून करायचं ते आधी ठरवा. अॅडमिनने आपल्या मनाने केलं की दुसऱ्या दिवशी कुरबुर होते, आणि ती रास्त असते.

आता दोन पळवाटा, दोन्ही मी सापडेपर्यंत बराच वेळ घालवला आहे. पहिली डॉकर, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन. तुम्ही टर्मिनलवरून डॉकरमध्ये बिल्ड चालवता, पण कंटेनर तुमच्या स्लाइसमध्ये जन्मत नाही. तो डॉकरच्या डीमनचं (मागे सतत चालू असणाऱ्या प्रोग्रामचं) लेकरू, त्यामुळे उबंटू २२.०४ वर सहसा सिस्टम स्लाइसमध्ये बसतो. म्हणजे माणशी वाटणी त्याला लागूच नाही. वर सिस्टम स्लाइस आणि युजर स्लाइस या दोघी बहिणी, दोघींचं वजन १००. गर्दीत अर्धं मशीन एकट्या डॉकरवाल्याला मिळू शकतं आणि उरलेल्या अर्ध्यात तेरा जण. इलाज दोन. डॉकरच्या सेटिंगमध्ये सीग्रुप-पेरेंट देऊन कंटेनर एका वेगळ्या स्लाइसमध्ये न्यायचे आणि तिला बेताचं वजन द्यायचं. नाहीतर रूटचे अधिकार न लागणारं पॉडमन (डॉकरसारखंच साधन) वापरायचं, त्याचे कंटेनर ज्याचे त्याच्या स्लाइसमध्येच राहतात. जमत असेल तर मी दुसरा निवडतो, कारण हिशेब माणसाच्या नावावरच राहतो.

दुसरी पळवाट जेनकिन्स (बिल्ड आपोआप चालवणारा प्रोग्राम) किंवा तत्सम. त्याचा एजंट सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तोही सिस्टम स्लाइसमध्ये, म्हणजे तोच अर्ध्या मशीनचा प्रश्न. एसएसएचने लॉगिन करून चालत असेल तर तो पंधरावा युजर. कुठला प्रकार आहे ते आधी बघा. सर्व्हिस असेल तर तिला स्वतःची स्लाइस द्या आणि दिवसा तिचं वजन कमी ठेवा.

मेमरी हा माझ्या मते तुमच्या तक्रारीचा मोठा भाग आहे, म्हणून इथे थांबून सांगतो. टेम्प्लेट-जड सी++ ची एक फाइल कंपाइल होताना एक-दोन जीबी सहज खाते, आणि मोठ्या बायनरीचं लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) त्याहून बरंच. ६४ गुणिले २ म्हणजे १२८, तुमचं मशीन तिथेच भरलं. मग स्वॅप, म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर हलवणं, सुरू होतं, आणि स्वॅपिंगमध्ये अडकलेला एडिटर सीपीयू कितीही मोकळा असला तरी हलत नाही.

एका कंपनीत गणपतीच्या आदल्या दिवशीचा प्रसंग. एम्बेडेडचं काम, योक्टो (उपकरणांसाठी अख्खं लिनक्स बिल्ड करणारं साधन). योक्टोमध्ये एकाच वेळी किती टास्क आणि प्रत्येक टास्कमध्ये किती मेक जॉब, हे दोन्ही आकडे मुळात सीपीयूंच्या संख्येइतके असतात. ४८ सीपीयूंच्या मशीनवर वाईटात वाईट ४८ गुणिले ४८. दुपारी चारला दोघांनी बिल्ड लावले. मला कॉन्सोलवर जाऊन लॉगिन करावं लागलं, आणि युजरनेम टाइप केल्यावर अक्षरं उमटायला लागलेला वेळ मला अजून आठवतो: एक अक्षर, मग काही नाही, मग एकदम चार. पासवर्डपर्यंत पोचण्याआधीच लॉगिनची मुदत संपून पुन्हा पहिल्यापासून. टॉप उघडलं तेव्हा सीपीयूचा बराच भाग मोकळा होता, निम्म्या प्रोसेस डिस्कची वाट बघत 'डी' अवस्थेत. शेवटी ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या भागाने) ज्याचा बिल्ड नव्वद टक्के झाला होता त्याचाच लिंकर मारला. तो मुलगा संध्याकाळी साडेसहाच्या गाडीने गावी निघणार होता. त्याची गाडी चुकली. तेव्हापासून मी मेमरीची हद्द न घालता कुठलाही सामाईक सर्व्हर लोकांच्या हाती देत नाही.

त्याच कॉन्फ फाइलमध्ये दोन ओळी वाढवा: मेमरीहाय आणि मेमरीमॅक्स. तुमच्या मशीनला मी माणशी ३२ जीबी हाय आणि ४० जीबी मॅक्स इथून सुरुवात करेन. हायच्या वर गेलं की कर्नल त्याच माणसाच्या प्रोसेस मंद करतो, मॅक्सला टेकलं की त्याच्याच गटातली प्रोसेस मारली जाते. शेजाऱ्याचा लिंकर वाचतो. चौदा गुणिले चाळीस १२८ च्या कितीतरी वर जातं हे खरं, पण सगळे एकाच वेळी टोकाला जात नाहीत. गेलेच तर म्हणून सगळ्यांच्या वरच्या युजर स्लाइसलाही ११६ जीबीची हद्द घाला, म्हणजे एसएसएचची सर्व्हिस जिवंत राहील. या आकड्यांवर मी अडून बसणार नाही, तुमचा कोड किती जड आहे त्यावर ते वर-खाली होतील.

लोकांनी स्वतःकडूनही थोडं करायचं आहे. निंजा हे बिल्ड टूल वापरत असाल तर लिंकिंगसाठी वेगळा पूल करा आणि एका वेळी दोन-चार लिंकच होऊ द्या, बिल्डच्या फाइली बनवणाऱ्या सीमेकमध्ये त्याची सोय आहे. मेक या बिल्ड टूलच्या लोड-मर्यादेवर (मशीनवर भार जास्त असेल तर नवे जॉब न सोडण्याच्या पर्यायावर) विसंबू नका. लोड ॲव्हरेज मागे पडतं, दोघांनी एकदम सुरुवात केली तर दोघांनाही मशीन मोकळं दिसतं. आणि सीकॅश लावा, ते आधी कंपाइल झालेल्या फाइलींचा निकाल साठवून पुन्हा वापरतं. न केलेल्या कंपाइलइतकी स्वस्त कंपाइल कुठलीच नाही. सगळ्यांची कॅश सामाईक ठेवायची तर प्रत्येकाचा चेकआउट वेगळ्या पाथवर असतो, म्हणून बेस-डिर सेट करावं लागतं, नाहीतर एकाची कॅश दुसऱ्याला लागत नाही आणि लोक म्हणतात सीकॅशचा उपयोग नाही.

ज्या कामांना उद्या सकाळपर्यंत वेळ आहे, रात्रीचे पूर्ण बिल्ड, सॅनिटायझरच्या (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाच्या) टेस्ट, ती या भांडणात आणूच नका. त्यांना रांग लावा. सी-डॅकच्या परमसारख्या महासंगणकांवर काम केलेल्यांना रांगेची सवय असते. चौदा जणांना स्लर्म (कामांची रांग लावणारा प्रोग्राम) जड वाटेल, तुमच्या आकाराला रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) पुरतो. उद्या तीन-चार मशीन झाली तर स्लर्मचा विचार करा, त्यात मागच्या वापराचा हिशेब धरून पुढचा नंबर लावायची सोय आहे.

काहीही बदलण्याआधी एक दिवस मोजा. प्रॉकमध्ये प्रेशर नावाचं फोल्डर आहे, त्यात सीपीयू, मेमरी आणि आयओ अशा तीन फाइली. ही सोय २०१८ च्या ४.२० कर्नलपासूनची, तुमच्याकडे असणारच. मशीन अडखळेल त्या क्षणी तिन्हींमधला 'सम' (some) ओळीतला दहा सेकंदांचा आकडा लिहून ठेवा. कामं किती टक्के वेळ त्या गोष्टीसाठी खोळंबली, ते तो सांगतो. सीपीयूचा मोठा आणि मेमरीचा शून्याजवळ असेल तर वजनं लावून तुमचं काम होईल. मेमरी आणि आयओ दोन्ही चढले असतील तर आधी हद्दी घाला, वजनं नंतर. ही फाइल वाचायला अर्धा मिनिट लागतं, आणि टीमच्या मीटिंगमध्ये 'मला वाटतं' ऐवजी आकडा ठेवता येतो.

बदल केल्यावर खात्री अशी करा. दुपारी सगळ्यांना सांगून दोघांना बसवा. एकाने ६४ जॉबचा बिल्ड लावायचा, दुसऱ्याने मुद्दाम १२८ चा. बाजूच्या टर्मिनलवर सिस्टमडी-सीजीटॉप (स्लाइसवार वापर दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवा. दोघांच्या स्लाइससमोर साधारण ३२०० टक्के दिसले पाहिजेत, म्हणजे बत्तीस-बत्तीस सीपीयू. एकाचा बिल्ड संपला की दुसऱ्याचा आकडा ६४०० कडे चढताना सगळ्यांना दिसू द्या. आमच्याकडे हे बघून झाल्यावर कोअर वाटून मागणारे तिघंही गप्प झाले. आकडे एकाच बाजूला कलले तर १२८ वाल्याचा बिल्ड डॉकरमध्ये तर चाललेला नाही ना, ते आधी बघा.